गोटूल (वास्तू)

गोंडांच्या, विशेषतः माडियांच्या गावातले सामुदायिक घर. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत आणि सीमेपलीकडे बस्तरात ते आढळते. गावाची बैठक, पाहुण्यांचा मुक्काम, सणाच्या रात्रीचा नाच हे सारे त्याच्याच आसऱ्याने चालते. व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ च्या ग्रंथामुळे बस्तरच्या मुरिया गोंडांचे गोटूल जगभर गाजले. तिथली मुलामुलींनी एकत्र झोपण्याची चाल मात्र माडियांना सरसकट चिकटवणे चूक आहे. इकडे मुली नाच आटोपून घरी जातात. एकत्र झोपण्याच्या चालीच्या एकाच कुतूहलापायी इमारतीकडे अभ्यासकांचे दुर्लक्षच झाले.

बांधणीत वास्तुविशारद नसतो. दुबेळक्या असलेल्या मेढी जमिनीत रोवायच्या, दुबेळक्यात आडे बसवायचे, त्यावर वासे आणि बांबू. सांधे खिळ्यांऐवजी माहूलाच्या सालीच्या दोरांनी आवळतात. भिंत म्हणजे बांबूच्या कमच्यांचा कूड, शेणमातीने लिंपलेला. कुठे ती अर्धीच असते, कुठे नसतेच. वर गवत किंवा कवेलू. काही गावांत खांबांवर कोरीवकामही दिसते. कुजलेली मेढ तेवढी काढून नवी रोवता येते, त्यामुळे इमारत किती जुनी हे सांगणे अवघड. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातले पिष्ट धुऊन जाते आणि भुंगेरा कमी लागतो.

तुलनेला एक दूरचे उदाहरण: अमेरिकेत आर्कान्साच्या जंगलात वास्तुविशारद फे जोन्स यांनी १९८० मध्ये थॉर्नक्राउन हे प्रार्थनागृह उभारले. यंत्रांसाठी झाडी तोडावी लागू नये म्हणून दोघांना उचलून नेता येईल एवढेच लाकूड त्यांनी बहुतांशी वापरले. निसर्गाशी जुळलेल्या वास्तुकलेचा तो नमुना मानला जातो आणि ते योग्यच आहे. माडिया गावात ही शिस्त कुणी योजलेली नसते. लाकूड खांद्यावरूनच यायचे असते.

लाकूड कुणाचे, हा प्रश्न धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे पुढे आला. १९८० च्या दशकातील धरणविरोधी आंदोलनानंतर जाग्या झालेल्या या गावाने गोटूल पुन्हा बांधायला घेतले. त्यात साग वापरल्यावरून वनखात्याने ते उतरवले. निस्तार हक्काने (घरगुती गरजेपुरते जंगल वापरण्याच्या हक्काने) लाकूड आमचेच, असे गावाचे म्हणणे होते. आसपासच्या गावांनीही आपापल्याकडे गोटूल बांधण्याचा निर्धार केला आणि मेंढ्याचे गोटूल पुन्हा उभे राहिले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती २०११ मध्ये आले. एका छपराच्या वादातून इतके पुढे गेलेले दुसरे गाव या भागात क्वचितच सापडेल.

आधुनिक बांधकामात हा वारसा शोधग्रामात दिसतो. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या तिथल्या दवाखान्याचे आवार मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी पाड्यासारखे, सुट्या झोपडीवजा घरांचे आहे. रुग्णाचे नातलग सोबत राहतात, हा त्या रचनेमागचा हिशेब. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी बांबूचीच भव्य इमारत उभी राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला आग लागून मोठे नुकसान झाले.