कूतचा वेढा आणि बसऱ्याचे आजोबा

पवन मावळातल्या आमच्या घरात पणजोबांना सगळे 'बसऱ्याचे आजोबा' म्हणत. फोटो नाही, पत्र नाही. पहिल्या महायुद्धाचं काशाचं एक पदक तेवढं उरलंय. चांदीचं होतं ते कधीच सोनाराकडे गेलं. पदकाच्या कडेवर बारीक ठशांत नंबर, हुद्दा, नाव आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. भिंग धरल्याशिवाय वाचता येत नाही.

पलटण कळली की पुढचं बरंचसं कळतं. ११० वी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादकडे निघालेली ही फौज टेसिफोनला अडली, मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ ला टायग्रिसकाठच्या कूतमध्ये कोंडली गेली. धान्य संपत आलं, घोडे कापले जाऊ लागले. धर्म बुडेल म्हणून कित्येक हिंदी शिपाई त्या मांसाला बरेच दिवस शिवले नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात; शिपाई मात्र वाळवंट तुडवत रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर.

पणजोबा जिवंत परतले, म्हणूनच त्यांचा शोध अवघड; स्मारकांवर नावं येतात ती मेलेल्यांची. अर्थात मेलेल्यांचं तरी काय? बसऱ्याच्या स्मारकासाठी हिंदी अधिकाऱ्यांची नावं नोंदली, साध्या शिपायांचे पलटणीगणिक नुसते आकडे. हा पंक्तिभेद मला पचत नाही. लोणावळ्यात शिवजयंतीला मावळ्यांच्या शौर्यावर भाषणं होतात, त्यांत मेसोपोटेमियाचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

१९२२ च्या फेररचनेत ११० वी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला. पणजोबांचा नंबर लिहून मी तिकडे अर्ज धाडलाय.