‘मित्रा’ची गोष्ट आणि आपल्या मुली

मी देवगाव रंगारीहून बोलतेय.

गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की मुलींच्या लग्नाचा विषय निघतोच. “पोरगी हो म्हणत नाही, बाहेरची बाधा असंल,” हे मी कितीदा ऐकलं आणि गप्प बसले. आज बोलते.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्रा’ या कथेतल्या सुमित्राचा जीव एका मुलीवर जडतो. १९८१ साली याच मित्रावरचं त्यांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्राचं काम केलं. नाटकात मित्रा शेवटी जीव देते.

पुढं ‘नटरंग’वाल्या रवी जाधवांनी या कथेवर ‘मित्रा’ हा लघुपट काढला. वीणा जामकर त्यात सुमित्रा झाली. २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला. २०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या सिनेमातून तो थिएटरात आला. त्यातला काळ १९४७ चा. देश स्वतंत्र होतोय, पण या पोरीला मनातलं बोलायची मोकळीक नाही.

गंमत बघा, सरकारनं पुरस्कार दिला तेव्हा असे संबंध कायद्यानं गुन्हाच होते. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. खुद्द इंग्लंडनं १९६७ मध्ये आपला तसला कायदा सैल केला, आपण मात्र धरून बसलो. दिल्ली हायकोर्टानं २००९ मध्ये तो गुन्हा नाही म्हटलं, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ते फिरवलं. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं, दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम गुन्हा नाही. लग्नाला मात्र अजून मान्यता नाही. २०२३ मध्ये कोर्टानं ती दिली नाही.

हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आजारांच्या यादीतून तो काढला. ‘बरं करतो’ म्हणून उपचार करणं डॉक्टरांसाठी २०२२ पासून गैरवर्तन ठरलंय.

लग्नाला नाही म्हणणारी प्रत्येक मुलगी मित्रा नसते. कुणाला शिकायचं असतं, कुणाचं मन दुसरीकडं असतं. पण देवऋषाकडं नेण्याआधी, घाईनं सोयरीक जुळवण्याआधी तिला जवळ बसवा, विचारा. ती जे सांगेल ते ऐका, आणि तिच्या परवानगीशिवाय गटातही बोलू नका.

नाटकातल्या मित्राला असं विचारणारं कुणी भेटलं असतं तर? आपल्या मुलीला आपण आहोत.