दप्तर कुणी सांभाळायचं? वळिवड्याच्या पोलिश शाळा आणि एक जुनाच प्रश्न

‘तुझी पीएचडी नक्की कशावर चाललीय?’ या प्रश्नाला मी गेली तीन वर्षं वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. ‘सशस्त्र संघर्षामुळे विस्थापित झालेल्या मुलांच्या आपत्कालीन शिक्षणाचं समन्वयन’ हे खरं उत्तर. ते दिलं की समोरचा माणूस ‘अरे वा’ म्हणतो आणि विषय बदलतो. मागच्या दिवाळीत मामीनं विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, ‘मामी, लढाई पेटली आणि घरदार सोडून पळावं लागलं, तर पोरांची शाळा कोण चालवतं, यावर.’ मामी म्हणाली, ‘लढाईत कसली गं शाळा? आधी जीव वाचवायचा.’

मामी काही चुकीचं बोलली नव्हती. मदतकार्य करणाऱ्या मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थासुद्धा कितीतरी वर्षं हेच म्हणत होत्या: आधी अन्न, पाणी, निवारा, औषध, शाळेचं नंतर बघू. पण मामी कोल्हापूरची. तिच्या घरी कुणाचंही लग्न ठरलं की बस्ता बांधायला सगळे गांधीनगरला जातात. त्याच गांधीनगरच्या जागेवर ऐंशी वर्षांपूर्वी लढाईतल्या मुलांच्या शाळा भरत होत्या, हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर, एमएस्सी सांख्यिकी करून या विषयात येईपर्यंत मलाही नव्हतं.

सैबेरिया ते पंचगंगा

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात तिथल्या तीन लाखांहून अधिक माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि रशियाच्या उत्तर भागात पाठवलं गेलं. जून १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि चित्र पालटलं. लंडनमध्ये असलेल्या निर्वासित पोलिश सरकारचा ३० जुलै १९४१ रोजी मॉस्कोशी करार झाला, या लोकांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांचं पोलिश सैन्य उभं राहू लागलं. १९४२ मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला आलं, तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ३७ हजार नागरिकही होते आणि त्यांतली जवळपास निम्मी मुलं होती. टायफस झालेली, उपासमारीनं खंगलेली, कित्येक अनाथ.

इराणमधून ही माणसं पांगली. टांगानिका, युगांडा, लेबनॉन, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत. भारतात जामनगरजवळच्या बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांसाठी छावणी उभारू दिली. ती गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. आकाराने मोठी छावणी मात्र आपल्याकडे होती. कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष एक तर आघाडीवर होते किंवा हयात नव्हते. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्यालाच आली.

वळिवड्यात चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. आणि शाळा होत्या: बालवर्ग, प्राथमिक, माध्यमिक आणि नवे शिक्षक तयार करणारा वर्गसुद्धा. शिक्षणाचं माध्यम पोलिश.

शाळेला काय काय लागतं?

छप्पर, फळा, खडू ही यादी सोपी आहे. माझं संशोधन ज्या यादीवर आहे ती वेगळी. विस्थापित मुलांची शाळा चालवायची तर कुणीतरी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पैसे कुणाचे? पुस्तक कुणाचं? आणि प्रमाणपत्रावर शिक्का कुणाचा? नेहमीच्या शाळेत या तिन्हींचं उत्तर एकच असतं: आपलं सरकार. विस्थापनात ही उत्तरं वेगवेगळ्या दारांत जाऊन बसतात, आणि त्यांची पुन्हा मोट बांधणं यालाच समन्वयन म्हणतात. मराठीत ‘दप्तर’ म्हणजे मुलाची शाळेची पिशवी, आणि ‘दप्तर’ म्हणजे कचेरीतले कागदही. या विषयात दोन्ही अर्थ एकत्र येतात. मुलाच्या पाठीवर दप्तर असून भागत नाही, त्याचं दप्तर कुठल्यातरी कचेरीतही असावं लागतं.

वळिवड्यात जमीन कोल्हापूर संस्थानातली, परवानगी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची, खर्चाची जबाबदारी लंडनच्या पोलिश सरकारची आणि ते सरकार स्वतः ब्रिटिश कर्जावर चाललेलं. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत होते, पोलिश रेडक्रॉसची प्रतिनिधी होती. एवढी दारं, पण सुदैवानं शिक्षणाबाबत सगळे एका गोष्टीवर सहमत होते: युद्ध संपलं की ही मुलं परत जाणार. त्यामुळे पुस्तक कुणाचं हा वादच नव्हता. पोलंडचाच अभ्यासक्रम. पोलंड तर जर्मनांच्या ताब्यात, मग पुस्तकं आणायची कुठून? ती छापली गेली जेरुसलेममध्ये, जिथे पोलिश सैन्याच्या छत्राखाली प्रकाशनाचं मोठं काम चालू होतं. तिथून ती मध्यपूर्वेत, आफ्रिकेत आणि भारतात पोचत. म्हणजे पोलंडबाहेरची पोलिश शाळांची एक साखळीच तयार झाली होती.

खरी टंचाई शिक्षकांची होती. १९४० च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना ठार मारलं. त्यांत राखीव दलाचे अधिकारी मोठ्या संख्येनं होते, आणि राखीव अधिकारी म्हणजे नागरी आयुष्यातले डॉक्टर, वकील, शिक्षक. वळिवड्यात शिक्षक घडवणारा वर्ग का लागला, याचं एक कारण असं कातिनपर्यंत जातं.

दुसरी अडचण वयाची. १९४० मध्ये सात वर्षांचं असलेलं मूल छावणीत आलं तेव्हा दहा वर्षांचं झालं होतं. मधली वर्षं लाकूडतोडीच्या वस्तीत, सामूहिक शेतावर, मग प्रवासात गेलेली. त्याला वयाप्रमाणे चौथीत बसवायचं की येतं तेवढ्यावरून पहिलीत? आजही प्रत्येक छावणीत पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न येतो. त्यासाठी आता दोन-तीन इयत्तांचा अभ्यास एका वर्षात बसवणारे खास अभ्यासक्रम असतात.

शिक्का बदलतो तेव्हा

त्याच काळात लंडनमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये, बॉम्बहल्ले अजून थांबले नव्हते तेव्हा, दोस्त राष्ट्रांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद भरू लागली. ब्रिटनच्या यजमानपदाखाली बेल्जियम, नॉर्वे, ग्रीस, पोलंड अशा देशांचे निर्वासित शिक्षणमंत्री एकत्र बसून युद्धानंतर शाळा कशा उभ्या करायच्या यावर बोलत. या परिषदेतूनच नोव्हेंबर १९४५ मध्ये युनेस्कोचा जन्म झाला. ज्या संस्थेला आपण जागतिक वारशाच्या यादीमुळे ओळखतो, तिचं मूळ युद्धात मोडलेल्या शाळांत आहे.

पण युनेस्को जन्मायच्या चार महिने आधी वळिवड्याच्या शाळांखालची जमीन सरकली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या पोलिश सरकारची काढून घेतली. त्याआधी याल्टामध्ये पोलंडची पूर्वेकडची सीमाही सरकली होती. या मुलांची गावं आता सोव्हिएत संघात होती.

इथे थोडं थांबून विचार करा. तुम्ही पंधरा वर्षांच्या आहात. वळिवड्याच्या बराकीत बसून पोलंडचा भूगोल पाठ करताय. नकाशावर ज्या गावाला तुम्ही ‘माझं गाव’ म्हणता, ते आता त्या देशात नाही. ज्या सरकारच्या नावानं तुमचं प्रमाणपत्र निघणार, त्या सरकारला जवळजवळ कुणी ओळखत नाही. आणि ‘परत जाणार’ हे ज्या एका गृहीतकावर सगळी शाळा उभी होती, तेच गेलेलं आहे. फळा तोच, बाई त्याच, पुस्तकही तेच.

छावण्यांचा खर्च आधी ब्रिटिश खजिन्याच्या एका तात्पुरत्या समितीकडे, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या ‘उन्रा’ या पुनर्वसन संस्थेकडे आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. शिक्क्याचा प्रश्न सुटायला मात्र कायदा लागला. मार्च १९४७ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं पोलिश पुनर्वसन कायदा केला आणि त्याच्या आधारे पोलिश लोकांच्या शिक्षणासाठी वेगळी समिती नेमली. तिचं काम होतं पोलिश शाळांतून आलेल्यांना ब्रिटिश शिक्षणव्यवस्थेत नेऊन सोडणं. ज्यांचे वडील-भाऊ आंदेर्सच्या सैन्यात होते अशी वळिवड्याची कित्येक कुटुंबं ब्रिटनला गेली, तेव्हा निदान एक दार उघडं होतं.

माझ्या मते वळिवड्याचा धडा हा आहे. शाळा चांगली होती, शिक्षक मनापासून शिकवत होते, तरी मुलांचं पुढचं शिक्षण ठरलं ते छावणीपासून हजारो मैलांवर. आणि ते सुटलं, कारण त्यांच्या मागे दोस्त राष्ट्रांच्या बाजूनं लढलेलं एक सैन्य होतं, ज्याचं ऋण ब्रिटनला नाकारता आलं नाही. प्रत्येक निर्वासित मुलामागे सैन्य नसतं.

विसरलेलं पुन्हा शिकताना

१९५१ च्या निर्वासितविषयक करारातलं २२ वं कलम शिक्षणाबद्दल आहे. प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक द्यावी, आणि परदेशी प्रमाणपत्रांच्या मान्यतेचाही विचार व्हावा, असं ते सांगतं. (भारतानं या करारावर सही केलेली नाही.) तरी प्रत्यक्ष मदतकार्यात शिक्षण मागेच राहिलं. १९९० च्या दशकात सोमालिया आणि रवांडाच्या संकटांत ‘पेटीतली शाळा’ आली: एक शिक्षक आणि साधारण चाळीस मुलांना पुरेल एवढं साहित्य एका पत्र्याच्या पेटीत. १९९६ मध्ये ग्रासा माशेल यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अहवालानं युद्धातल्या मुलांचा प्रश्न ऐरणीवर आणला. २००० मध्ये आपत्कालीन शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं तयार झालं आणि २००४ मध्ये त्यांनी किमान मानकं प्रसिद्ध केली.

२००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मदतकार्याची फेररचना करून प्रत्येक विषयासाठी संस्थांचा एक गट नेमला. पाणी, आरोग्य, निवारा असे नऊ गट झाले. शिक्षण त्यांत नव्हतं! २००६ च्या अखेरीस ते सामील झालं आणि युनिसेफ व सेव्ह द चिल्ड्रन यांच्याकडे मिळून नेतृत्व आलं. त्यातही एक मेख आहे. हा गट देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी. सीमा ओलांडली की मूल ‘निर्वासित’ होतं आणि जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांकडे जाते.

या गटांचं रोजचं हत्यार म्हणजे एक तक्ता: कोण, काय, कुठे, केव्हा. कुठली संस्था कुठल्या छावणीत किती मुलांना शिकवते, हे त्यात भरायचं. सांख्यिकीवाल्या माणसाला असा तक्ता दिसला की तो आधी रिकाम्या चौकटी बघतो. कारण रिकामी चौकट नशिबानं रिकामी राहिलेली नसते. जिथे रस्ता नाही, जिथे गोळीबार चालू आहे, जिथे मुली बाहेर पडत नाहीत, तिथलीच माहिती येत नाही. ज्यांना शाळा सगळ्यात जास्त हवी, तीच मुलं तक्त्यात सगळ्यात कमी दिसतात. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या रिकाम्या चौकटींवर आहे.

आणि तिसरा प्रश्न, शिक्क्याचा, आजही तिथेच आहे. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. बांगलादेशनं आपला अभ्यासक्रम शिकवू दिला नाही, कारण तो शिकवणं म्हणजे ही माणसं इथेच राहणार हे मान्य करणं. सुरुवातीची वर्षं अनौपचारिक वर्गांत गेली. २०२१ च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला, पहिल्या टप्प्यात दहा हजार मुलांसाठी. गृहीतक पुन्हा तेच, ‘परत जाणार’. फरक इतकाच, की वळिवड्याच्या मुलांना आपलं म्हणणारं एक सरकार निदान १९४५ पर्यंत होतं. रोहिंग्या मुलांना ज्या देशाचा अभ्यासक्रम शिकवला जातो, तो देश त्यांना नागरिकच मानत नाही.

पुन्हा गांधीनगर

१९४८ मध्ये पोलिश लोक गेले आणि वळिवड्याच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. म्हणजे त्याच छपरांखाली लागोपाठ दुसऱ्यांदा विस्थापित मुलं वाढली. त्यांच्याही वाट्याला ‘पुस्तक कुणाचं’ हा प्रश्न आलाच: सिंधी अरबी लिपीत शिकवायची की देवनागरीत, हा वाद स्वतंत्र भारतात बराच काळ चालला.

२०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा मामीनं मला बातमीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तुझ्या शाळेचं टीव्हीवर दाखवलं.’ मग तिचा फोन आला. ‘पण मग गं, त्या पोरींची प्रमाणपत्रं चालली का शेवटी?’

तीन वर्षांत मला विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. त्यावर मी तिला सांगितलं ते वर लिहिलंच आहे. रोहिंग्या मुलांबद्दल तिनं हेच विचारलं, तेव्हा मात्र माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं.