कौटुंबिक व्हिसा

कौटुंबिक व्हिसा म्हणजे परदेशात वास्तव्य असलेल्या पती, पत्नी, आईवडील, अपत्य किंवा अन्य निकटच्या नातेवाइकाकडे राहावयास जाण्यासाठी त्या देशाच्या शासनाकडून मिळणारा प्रवेशपरवाना होय. परदेशातील ज्या नातेवाइकाच्या आधारे अर्ज केला जातो, त्यास प्रायोजक म्हणतात. पर्यटन, शिक्षण वा नोकरीच्या व्हिसात अर्जदाराचा स्वतःचा हेतू, पात्रता आणि आर्थिक स्थिती पाहिली जाते. कौटुंबिक व्हिसात मात्र मुख्य प्रश्न नात्याचा असतो. अर्जदार व प्रायोजक यांचे नाते खरे आहे काय, त्या देशाच्या कायद्याने ते मान्य आहे काय आणि प्रायोजक आपल्या माणसांचा निर्वाह करू शकतो काय, या तीन बाबींवर निर्णय अवलंबून असतो. गावाला व भावकीला ठाऊक असलेले नाते कागदोपत्रीही सिद्ध व्हावे लागत असल्याने महाराष्ट्रातील, विशेषतः ग्रामीण भागातील, अर्जदारांच्या दृष्टीने जन्म व विवाहाच्या नोंदींना या प्रक्रियेत निर्णायक महत्त्व असते.

स्वरूप व प्रकार

कौटुंबिक व्हिसाचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

१. अवलंबित व्हिसा: नोकरी किंवा शिक्षणासाठी तात्पुरत्या मुदतीवर गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदारास व अज्ञान अपत्यांस हा मिळतो. त्याची मुदत मूळ व्हिसाच्या मुदतीशी बांधलेली असते. अमेरिकेचा एच-४ व्हिसा हे याचे परिचित उदाहरण आहे.

२. कायम वास्तव्याचा व्हिसा: नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या नातेवाइकाने प्रायोजित केल्यावर हा मिळतो.

३. दीर्घ भेटीचा व्हिसा: मुख्यतः वृद्ध आईवडिलांसाठी असून त्याने कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. कॅनडाचा २०११ मध्ये सुरू झालेला सुपर व्हिसा या वर्गात मोडतो.

आंतरराष्ट्रीय कायद्यातील स्थान

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) सोळाव्या कलमात कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक व मूलभूत घटक मानून त्यास संरक्षणाचा हक्क दिला आहे. बालहक्क संहितेच्या (१९८९) दहाव्या कलमानुसार, मूल व आईवडील यांनी एकत्र येण्यासाठी केलेल्या अर्जांचा विचार राष्ट्रांनी सकारात्मक, मानवी दृष्टीने व त्वरेने करावयाचा आहे. तथापि कोणास प्रवेश द्यावा हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार मानला जात असल्याने प्रत्यक्षातील नियम देशागणिक भिन्न आहेत.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात भारतातून परदेशी जाण्यासाठी आजच्या अर्थाने व्हिसा लागत नसे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांचे पती गोपाळराव मागाहून तेथे पोहोचले व ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील पदवीदान समारंभास उपस्थित राहिले. पुढच्या पिढीस हा मार्ग मोकळा राहिला नाही. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशाहून अखंड प्रवास करून येण्याची अट घातली. तशी थेट जहाजसेवा नसल्याने तेथील भारतीयांना आपल्या बायकामुलांना नेणे अशक्यप्राय झाले. १९१९ मध्ये पत्नी व अज्ञान मुलांपुरती सवलत मिळाली. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारे स्थलांतर रोखले. १९४६ मध्ये भारतासाठी वर्षाला अवघ्या १०० जागा खुल्या झाल्या. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय जुनी पद्धत मोडीत काढून कौटुंबिक नाते व कौशल्य यांना प्राधान्य दिले. त्यानंतर अमेरिकेतील मराठी वस्ती वाढली. तेथील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये झाली.

ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशावर बंधने घातली, परंतु तेथे स्थायिक असलेल्यांच्या पत्नी व लहान मुलांचा मार्ग खुला ठेवला. त्यामुळे पुढील काळात भारतीय उपखंडातून होणाऱ्या स्थलांतरात कुटुंबीयांचे प्रमाण वाढले आणि नात्याच्या खरेपणाची तपासणीही कठोर झाली. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली. हे प्रकरण वृत्तपत्रातून उघड झाल्यावर तीव्र निषेध झाला आणि ती प्रथा बंद करावी लागली.

प्रमुख देशांतील नियम

अमेरिका: नागरिकाचा जोडीदार, एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्य आणि आईवडील यांना संख्यामर्यादा नाही, मात्र आईवडिलांसाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाचे वय किमान २१ असावे लागते. इतर कौटुंबिक वर्गांसाठी वर्षाला किमान २,२६,००० जागा असून एका देशास सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिणामी नागरिकाच्या भावंडांच्या वर्गात भारतीय अर्जदारांची प्रतीक्षा पंधरा वर्षांहून अधिक झाली आहे. प्रायोजक प्रथम आय-१३० हा अर्ज भरून नाते सिद्ध करतो. पुढे त्यास निर्वाहाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते व त्यासाठी साधारणतः शासकीय दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न आवश्यक असते. विवाहास दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी प्रवेश मिळाल्यास जोडीदाराचे वास्तव्य प्रारंभी सशर्त असते. एच-४ व्हिसावरील जोडीदारांपैकी ठरावीक वर्गास २०१५ पासून नोकरीची परवानगी मिळू लागली.

ब्रिटन: जोडीदारास प्रायोजित करण्यासाठी २०१२ मध्ये वार्षिक १८,६०० पौंड किमान उत्पन्नाची अट आली. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड करण्यात आली. अर्जदारास प्राथमिक इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तसेच भारतातून सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्यास क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. वृद्ध आईवडिलांसाठीचे नियम २०१२ पासून अत्यंत कडक आहेत. दीर्घकालीन शुश्रूषेची गरज असून ती मायदेशी मिळणे शक्य नाही, हे त्यांना सिद्ध करावे लागते.

कॅनडा: जोडीदाराच्या निर्वाहाची हमी तीन वर्षांची, तर आईवडिलांची सर्वसाधारणपणे वीस वर्षांची असते. आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी जागा मर्यादित असल्याने इच्छुक प्रायोजकांतून निवड होते. सुपर व्हिसावर २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते, परंतु किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा अनिवार्य असतो.

जर्मनी: २००७ पासून जोडीदारास प्राथमिक (ए-१) स्तरावरील जर्मन भाषेचे प्रमाणपत्र लागते. निळे कार्ड धारण करणाऱ्यांच्या जोडीदारांना यातून सूट आहे. महाराष्ट्रात या परीक्षा मुंबई व पुणे येथील मॅक्सम्युलर भवनात होतात.

ऑस्ट्रेलिया: आईवडिलांच्या व्हिसासाठी किमान निम्मी अपत्ये तेथे स्थायिक असावीत, अशी कुटुंबसंतुलनाची कसोटी लावली जाते.

संयुक्त अरब अमिराती: ४,००० दिरहॅम अथवा ३,००० दिरहॅम व निवासव्यवस्था इतके मासिक उत्पन्न असलेला रहिवासी पत्नी व मुलांना बोलावू शकतो. कमी वेतनावरील कामगार या मर्यादेत बसत नसल्याने त्यांना कुटुंबापासून दूर राहावे लागते.

महाराष्ट्रातील अर्जदार व नात्याचे पुरावे

जन्मनोंद: जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ बहुतांश राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या जन्मांच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात आढळतात. त्यांपैकी जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्याने लिप्यंतर व भाषांतर दोन्ही करावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात घरीच बाळंतपणे होत असण्याच्या काळात अनेक जन्म नोंदवलेच गेले नाहीत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिण्याची पद्धत राज्यभर होती. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक तारीख व अन्य कागदावर दुसरी, असा विसंवाद उद्भवतो. खेड्यातील जन्मनोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, तर जामखेड शहरातील नगरपरिषदेकडे असते. जन्मास वर्ष उलटून गेले असल्यास २०२३ च्या सुधारणेनुसार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशानंतरच नोंद होते. नोंद न आढळल्यास अनुपलब्धतेचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे दुय्यम पुरावा म्हणून सादर केली जातात.

विवाहनोंद: लग्नपत्रिका, छायाचित्रे व वऱ्हाडी मंडळी असली तरी त्यावरून विवाह कायदेशीररीत्या नोंदला गेला असे ठरत नाही. महाराष्ट्रात विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये नोंदणी होते. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो. नोंदणीसाठी वधूवरांबरोबर तीन साक्षीदार लागतात. सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात (२००६) सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही जुन्या पिढीतील अनेक जोडप्यांकडे प्रमाणपत्र नसते. मुलाकडे जाण्याची वेळ आल्यावर लग्नाला तीस-चाळीस वर्षे झालेली जोडपी त्यासाठी ग्रामपंचायतीत जातात, ती याच कारणाने.

नावांतील फरक: मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव व आडनाव असा क्रम असतो. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. काही घरांत पहिले नावही बदलण्याची चाल आहे. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरील मुलगी आणि पारपत्रावरील पत्नी या परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने दोन निराळ्या व्यक्ती ठरू शकतात. रोमन लिपीत एकाच आडनावाची दोन-तीन रूपे झाल्यानेही शंका निर्माण होते. अशा वेळी महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, विवाह प्रमाणपत्र व एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र यांचा आधार घेतला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे राज्य शासनाने आवश्यक केले आहे.

पारपत्र व साक्षांकन: अहिल्यानगर जिल्हा पुणे प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो. कायम वास्तव्याच्या अर्जास पोलीस पडताळणी प्रमाणपत्रही लागते. भारत २००५ पासून हेग साक्षांकन कराराचा सदस्य असल्याने सदस्य देशांसाठी कागदपत्रांवर अपॉस्टिल शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या करारबाह्य देशांसाठी त्यांच्या दूतावासाचेही साक्षांकन घ्यावे लागते.

मुलाखत: अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या कौटुंबिक व्हिसाच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईतील वाणिज्य दूतावासात होतात. हा दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जोडप्याची ओळख, विवाह, घरची मंडळी व भावी वास्तव्य यांविषयी प्रश्न विचारले जातात. ठरवून झालेल्या विवाहात भेटी थोड्या व सहवास अल्प असतो. त्यामुळे परस्परांतील पत्रव्यवहार, दूरध्वनीच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या व समारंभाची छायाचित्रे पुराव्यादाखल पाहिली जातात.

अडचणी व परिणाम

प्रतीक्षेच्या काळात अपत्याचे वय वाढणे हा गंभीर प्रश्न आहे. अमेरिकेत एकविसावे वर्ष उलटताच अपत्याचा वर्ग बदलतो किंवा अवलंबित दर्जा संपतो. अर्जाच्या प्रलंबित कालावधीमुळे होणारे नुकसान काही प्रमाणात टाळण्यासाठी तेथे २००२ मध्ये बालदर्जा संरक्षण कायदा झाला, परंतु तात्पुरत्या व्हिसावरील मुलांना त्याचा पुरेसा लाभ मिळत नाही.

दुसरा प्रश्न मागे राहिलेल्या स्त्रियांचा आहे. लग्न करून वर परदेशी निघून जातो व नंतर अर्जच करत नाही, अशी प्रकरणे देशभर घडली आहेत. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीय कक्ष कार्यरत आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ च्या दहाव्या कलमाखाली ठरावीक परिस्थितीत पतीचे पारपत्र जप्त किंवा रद्द करता येते. अवलंबित व्हिसावर गेलेल्या स्त्रीचा वास्तव्याचा हक्क पतीच्या व्हिसावर अवलंबून असल्याने छळाच्या प्रसंगीही तिची कोंडी होते. ब्रिटन, कॅनडा व अमेरिका यांनी अशा पीडितांसाठी विशेष तरतुदी केल्या आहेत, परंतु त्या सर्वच अवलंबितांना लागू होत नाहीत.

तिसरा परिणाम वृद्धांवर होतो. बहुतेक देशांत जोडीदार व लहान मुलांना कुटुंब मानले जाते. आजी-आजोबा, विवाहित अपत्ये वा भावंडे यांना त्यात दुय्यम स्थान असते किंवा मुळीच स्थान नसते. एकत्र कुटुंबाच्या मराठी कल्पनेशी ही व्याख्या जुळत नाही. म्हणून एकुलते अपत्य परदेशी असलेल्या आईवडिलांना बहुधा ठरावीक महिन्यांच्या भेटींवरच समाधान मानावे लागते.

हे सुद्धा पहा

पारपत्र
अनिवासी भारतीय
विवाह नोंदणी
बृहन्महाराष्ट्र मंडळ
जामखेड तालुका