ओठावर फुटलेला ज्वर

गेल्या वर्षी आमच्या घरी नातीचे बारसे झाले. लेकीचे पहिले बाळंतपण. त्यामुळे पाळणा आमच्याच माजघरात टांगला होता. आयाबायांनी बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती दिले, कानात नाव सांगितले, घुगऱ्या वाटल्या. सारे यथासांग पार पडल्यावर मी आजोबापणाच्या हक्काने हात पुढे केले. तोच लेक हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, आज नको. तुमच्या ओठाला ताप फुटलाय ना! खपली पडून जाऊ द्या, मग घ्या."

"अगं, दोन दिवस झाले डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावतोय की मी!"

"क्रीम लावलं म्हणजे लागण थांबली असं नाही, बाबा. बाळाच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय."

चार माणसांत हा संवाद झाला. मला राग आला हे कबूल करतो. ओठाच्या कडेला मुगाएवढे चार फोड, आणि त्यांच्यापायी सख्ख्या आजोबाला सोवळ्याबाहेर बसवायचे! माझी सारी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. राग आला की पुस्तकांच्या कपाटाकडे वळावे ही माझी जुनी खोड. लेकीला खोटे पाडण्यासाठीच मी वाचायला बसलो. पुढे काय झाले ते या लेखात सांगणार आहे.

ही ओठाची पीडा मला लहानपणापासूनची. हिवताप आला, उन्हात फार भटकलो, परीक्षेची जाग्रणे झाली, की ओठाची एक ठरावीक कड प्रथम चुरचुरे आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोडांचा घोस उठे. आजी समाधानाने म्हणायची, "ताप ओठावर फुटला. आता बरा होशील हो." तिच्या लेखी हे फोड म्हणजे घरातून निघालेल्या पाहुण्याची उंबऱ्यावरची पावले. ताप शरीराबाहेर पडला, त्याचीच ती खूण.

आजी एकटीच असे मानत होती असे नाही. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास रोममध्ये हिरोडोटस नावाचा एक वैद्य होता. (आपल्या परिचयाचा ग्रीक इतिहासकार तो निराळा.) साध्या तापाला उतार पडण्याच्या वेळी तोंडाभोवती उठणाऱ्या फोडांचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. माझी आजी आणि रोमचा वैद्य यांच्यामध्ये अठराशे वर्षांचे अंतर. निरीक्षण मात्र एकच. ते खोटेही नव्हते. ताप आणि फोड बरोबर येतात हे खरेच. चूक होती ती कार्यकारणाची. ताप फोडांच्या रूपाने बाहेर पडत नाही. ताप आला की आधीपासून आत दडलेले काहीतरी जागे होते. एवढे उमगायला माणसाला विसावे शतक उजाडावे लागले.

या रोगाचे नावही पाहण्यासारखे आहे. 'हर्पिस' हा शब्द ग्रीक. 'सरपटणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. हे क्रियापद आणि आपला संस्कृत 'सृप्' धातू हे एकाच मुळाचे. म्हणजे हर्पिस आणि सर्प हे भाषेच्या नात्याने चुलतभाऊच. आपल्या वैद्यकात अंगावर पसरत जाणाऱ्या विकाराला 'विसर्प' म्हटले आहे आणि चरकसंहितेत त्याला स्वतंत्र अध्याय आहे. विसर्प म्हणजेच ओठावरचा हर्पिस, असे मात्र कुणी समजू नये. ते वर्णन बहुतांशी दुसऱ्याच त्वचारोगाला लागू पडते. मराठीत आपण ज्याला 'नागीण' म्हणतो तो रोगही याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत मी खेड्यात कितीदा ऐकली आहे! ग्रीक, संस्कृत, मराठी, तिन्ही भाषांना या रोगांत सरपटणारे जनावर दिसले. पण जनावर दिसले तरी त्याचे बीळ कुठे, हे कुणाला ठाऊक नव्हते.

वाचता वाचता एक मोहात पाडणारी कथा हाती आली. रोमचा सम्राट टायबेरियस याने ओठावरच्या फोडांची साथ थांबवण्यासाठी चुंबनावर बंदी घातली, असे आजकालच्या अनेक लेखांत ठासून सांगितलेले असते. मला वाटले, लेकीच्या बाजूने एक सम्राटच उभा राहिला! पण मुळापाशी जाऊन पाहावे ही शिक्षकाची सवय. सुएटोनियसने लिहिलेल्या चरित्रात रोजच्या भेटीगाठींतल्या चुंबनावर सम्राटाने हुकमाने बंदी घातल्याचे आहे. कारण म्हणून फोडांचा उल्लेख नाही. प्लिनीने त्याच सुमारास उच्चकुलीनांत चुंबनातून पसरलेल्या चेहऱ्याच्या एका विकाराचे वर्णन केले आहे, पण तो हनुवटीपासून सुरू होऊन तोंडभर पसरणारा, वेगळाच दिसतो. दोन सुट्या नोंदी एकत्र शिवून कुणीतरी ही कथा तयार केली असावी. इतिहासात असे शिवणकाम फार चालते. साक्षीला आलेल्या सम्राटाला मी परत पाठवले.

खरा साक्षीदार पुढे भेटला, आणि तो निघाला एक ससा. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ग्र्यूटर यांनी १९१२ च्या सुमारास हर्पिसने दुखावलेल्या माणसाच्या डोळ्यातील द्रव्य सशाच्या डोळ्याला लावले आणि सशाला तोच रोग झाला. लोवेनस्टाइन यांनी १९१९ मध्ये ओठावरच्या फोडांतील पाण्याने सशाच्या डोळ्यात तेच घडवून दाखवले. ओठावरचा 'ताप' आणि डोळ्यातली भयंकर जखम यांचे मूळ एकच ठरले. ओठाला लावलेले बोट डोळ्याला लावू नये, असे डॉक्टर आज सांगतात, त्यामागे हा ससा उभा आहे.

पण मग फोड त्याच जागी पुन:पुन्हा का? या प्रश्नाचे उत्तर शस्त्रवैद्यांच्या टेबलावर मिळू लागले. चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हार्वे कुशिंग चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया करीत. शस्त्रक्रियेनंतर त्या मज्जातंतूच्या प्रदेशात हर्पिसचे फोड उठतात, हे त्यांच्या ध्यानात आले. विषाणू त्वचेत राहत नसून मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो, असा तर्क अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ मध्ये मांडला. स्टीव्हन्स आणि कुक यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मज्जागाठींत हा सुप्त विषाणू दाखवून दिला आणि लगोलग माणसाच्या कवटीतल्या गाठीतही तो सापडला. बीळ सापडले! लहानपणी एकदा शिरलेला विषाणू कानासमोरच्या भागात, कवटीच्या तळाशी असलेल्या त्या गाठीत जन्मभर राहतो. ताप, ऊन, शीण, मनस्ताप यांनी डिवचला गेला की तंतूच्या वाटेने उतरून ओठाच्या त्याच कडेशी येतो.

आता औषधाची कथा. विषाणू आपल्याच पेशीत शिरून, आपलीच सामग्री वापरून वाढतो. त्याला मारावे तर पेशी मरते, अशी ही अडचण. येल विद्यापीठातील विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९ मध्ये आयडॉक्स्युरिडिन तयार केले आणि १९६२ मध्ये हर्बर्ट कॉफमन यांनी ते डोळ्याच्या हर्पिसवर गुणकारी ठरल्याचे दाखवले. विषाणूवर चाललेले हे आरंभीचे औषध. परंतु ते आपला-परका ओळखत नसे. पोटात देण्याजोगे नव्हते आणि ओठाच्या कातडीत नीट मुरतही नसे.

यापुढचे पाऊल ज्या बाईंच्या नावाशी जोडलेले आहे, त्यांचे चरित्र वाचताना मी माझा राग विसरलो. गर्ट्रूड एलियन, जन्म १९१८, न्यूयॉर्क. पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले आणि या मुलीने रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. १९३७ मध्ये पदवी मिळाली, पण बाई म्हणून प्रयोगशाळा दारात उभी करीना. काही काळ त्यांनी एका किराणा कंपनीसाठी लोणच्यांची आंबटाई तपासली. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली जागा मिळाली. नोकरी सांभाळून डॉक्टरेट पुरी होईना, तेव्हा ती त्यांनी सोडून दिली. १९४८ मध्येच त्यांच्या एका संयुगात विषाणूला अडवण्याचा गुण दिसला होता. पण ते फार विषारी ठरले. धागा वीस वर्षे बाजूला राहिला, तो त्यांनी १९६८ नंतर पुन्हा उचलला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील हॉवर्ड शेफर यांच्या हातून असायक्लोव्हिर तयार झाले आणि त्याची करणी कशी चालते हे एलियन यांच्या गटाने उलगडले.

ती करणी अशी. विषाणू वाढतो म्हणजे आपल्या वंशसूत्राची माळ भराभर ओवीत राहतो. असायक्लोव्हिर हा एकाच बाजूला भोक असलेला मणी. तो माळेत शिरला की पुढचा मणी ओवता येत नाही. माळ तिथेच खुंटते. पण असा मणी आपल्या निरोगी पेशींच्या माळेत का शिरत नाही? कारण ओवण्याआधी त्याला एकामागून एक तीन कड्या बसवाव्या लागतात आणि त्यांतली पहिली कडी बसवणारा कारागीर हर्पिसच्या विषाणूपाशी असतो. आपल्या पेशीत ते काम जवळजवळ होतच नाही. चोराने स्वत:च्या हाताने बेडी घडवावी, तसा हा प्रकार. १९८८ मध्ये एलियन, हिचिंग्ज आणि ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत असायक्लोव्हिरच्या मलमाला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. ओठासाठी पेन्सिक्लोव्हिरचे क्रीम १९९६ मध्ये आणि असायक्लोव्हिरचे ५ टक्क्यांचे क्रीम २००२ मध्ये आले. एवढ्या थोर कुळातले औषध. मग त्याने माझे फोड रातोरात का नाहीसे झाले नाहीत? इथे इतिहासच उत्तर देतो. बीळ कवटीच्या तळाशी आणि क्रीम ओठावर! ते तिथवर पोहोचत नाही. ते फक्त ओठाशी आलेल्या विषाणूची वाढ रोखते. त्यामुळे आजार फार तर अर्ध्या-पाऊण दिवसाने कमी होतो, असे शेकडो रुग्णांवरच्या चाचण्यांत आढळले. तेही पहिल्या चुरचुरीलाच लावले तर. फोड फुटून खपली धरल्यावर माळ ओवून झालेली असते. मग भोक बुजलेला मणी काय करणार?

मी नेमके उलटे केले होते. पहिले दोन दिवस औषधांच्या डब्यात सापडलेली, कधीकाळी खाजेवर आणलेली मलमाची नळी लावत बसलो. तिच्यात स्टेरॉइड होते. फोड वाढले. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी ती नळी मागून घेतली आणि टोपलीत टाकली. नुसते स्टेरॉइड विषाणूला रान मोकळे करून देते. डोळ्याच्या हर्पिसमध्ये तर त्याने दृष्टी जाऊ शकते. विषाणुरोधकाच्या जोडीने डॉक्टर स्वत: कधी ते देतात, ती गोष्ट निराळी.

त्यांनी असायक्लोव्हिरचे क्रीम लिहून दिले आणि रीत सांगितली ती अशी: लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवायचे. दिवसातून ५ वेळा, जागेपणी साधारण ४ तासांनी, ४ दिवस; पेन्सिक्लोव्हिर असते तर जागेपणी दर २ तासांनी. फोडांवर आणि कडेला अलगद लावायचे, चोळायचे नाही. तोंडाच्या आत नाही, डोळ्यात तर मुळीच नाही. डोळ्याचे मलम वेगळे असते. थोडी आग किंवा कोरडेपणा चालेल, सूज वा पुरळ आल्यास बंद. आपली नळी दुसऱ्याला द्यायची नाही. दहा दिवसांत बरे न झाल्यास, फोड डोळ्याजवळ आल्यास किंवा कर्करोगाच्या उपचारांनी वा अन्य कारणाने रोगप्रतिकारशक्ती खालावली असल्यास क्रीमच्या भरवशावर न राहता डॉक्टर गाठायचा. वारंवार त्रास होणाऱ्यांना पोटातल्या गोळ्या असतात, त्याही त्यांच्याच सल्ल्याने.

आणि खपली पडून कातडी भरून येईपर्यंत कुणाचा पापा घ्यायचा नाही. क्रीम लावले तरी नाही.

महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू झाला तर तो ओठावर थांबत नाही. मेंदूत, यकृतात, सर्व शरीरात पसरू शकतो. असायक्लोव्हिरच्या आधी असा पसरलेला रोग झालेली बहुतेक बाळे दगावत. आजही शिरेतून तेच औषध तातडीने द्यावे लागते, आणि तरीही काही बाळे हाती लागत नाहीत. हे वाचले त्या रात्री मी दिवा मालवून बराच वेळ अंधारात बसून होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी माणसांच्या, म्हणजे शंभरांतल्या ६४ जणांच्या, अंगात हा विषाणू आहे. बहुतेकांना तो बाळपणीच, घरातल्याच कुणाच्या तरी मायेच्या स्पर्शातून मिळतो. मला तो कुणी दिला असेल? आजीच्याही ओठाला ताप फुटत असे, हे मला त्या रात्री आठवले. मी तिचा लाडका. तिने मला कुशीत घेऊन किती वेळा पापे घेतले असतील त्याची गणती नाही. तिला दोष कसा देऊ? तिच्या ज्ञानात तो जाणारा पाहुणा होता. पण मला आता ठाऊक होते, आणि ठाऊक असलेल्याला तिच्यासारखे निर्दोष राहता येत नाही.

माझी खपली बारशानंतर पाचव्या दिवशी पडली. आणखी दोन दिवस मी आपणहून थांबलो. मग हात धुऊन लेकीसमोर उभा राहिलो. तिने माझा ओठ उजेडात नीट निरखून पाहिला, लहानपणी मी तिच्या पाटीवरची उजळणी तपासत असे तसा, आणि काही न बोलता नातीला माझ्या हातांत ठेवले. पापा मात्र मी अजून तिच्या पावलांचाच घेतो. ती खुदकन हसते.