बारक्या हिऱ्यांची वाट

जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गादीवर बसलेला शेटजी येतो. त्यांनी एकदा आमच्या बेळगाव-चिक्कोडीकडे यावं. इकडचे बहुतेक जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. ऊस, तंबाखू नि जोंधळा यांतच जन्म गेलेले. त्यामुळे 'जैनांच्या रक्तातच व्यापार' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. तसं असतं तर आमच्याही भाऊबंदांच्या पेढ्या बेल्जियमला निघाल्या असत्या. त्या निघाल्या पालनपूरच्या जैनांच्या. असं का झालं, हे पाहायचं तर त्या माणसांची एकमेकांशी असलेली साखळी तपासावी लागते.

पालनपूर हे उत्तर गुजरातमधलं नवाबाचं छोटं संस्थान, आता बनासकांठा जिल्ह्यात. तिथले जैन जवाहिरे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईत स्थिरावले. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि कच्च्या हिऱ्यांची आयात जखडली गेली. पुढे सरकारने वाट काढली: घडवलेले हिरे निर्यात करा, त्या बदल्यात कच्चा माल आणायचा परवाना घ्या. म्हणजे परदेशात पाय रोवल्याशिवाय घरचा धंदाही चालेना.

पण पाय रोवायचा कुठे? कच्चा हिरा तेव्हा जवळजवळ सगळा डी बिअर्सच्या मुठीत. लंडनला वर्षातून दहा वेळा मोजक्या व्यापाऱ्यांना बोलावणं जाई. त्याला 'साइट' म्हणत. समोर डबा ठेवायचा, किंमत ठरलेली, घासाघीस नाही, पैसे रोख. मुंबईच्या दोन खोल्यांच्या पेढीला त्या दारात कोण उभं करणार! मात्र त्या डब्यात मोठ्या खड्यांबरोबर बारीक मालही येई. बेल्जियमच्या कारागिराची मजुरी इतकी की तो बारका हिरा घासणं परवडत नसे. साइटवाल्यांना तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा असायचा. साठच्या दशकात अँटवर्पला पोचलेल्या पालनपुरी तरुणांनी नेमका तोच उचलला.

अँटवर्पच्या रेल्वे स्थानकाजवळ होवेनियर्सस्ट्राट नावाची आखूडशी गल्ली आहे. जगातल्या कच्च्या हिऱ्यांचा फार मोठा वाटा तिथून फिरत असे. बाजारात वजन ज्यूंचं. सौदा ठरला की हात हातात घेऊन 'मझल' म्हणायचं, झालं पक्कं. नवख्या गुजराती पोराशी असा सौदा, तोही काही महिन्यांच्या उधारीवर, कोण करील? तर त्याच्या मामाला किंवा चुलत्याला ओळखणारा करील. एक भाऊ अँटवर्पला, एक मुंबईत, नात्यातलाच कुणी सुरत-नवसारीत. उधारीवर घेतलेला माल सुरतेच्या घंटीवर जाई, आंगडिया पुड्या घेऊन मुंबईला येई, तयार हिरा विकला जाई आणि मग अँटवर्पचं देणं फिटे. भांडवल थोडं, फिरवायचं मात्र झपाट्याने. बुडवलं कुणी तर त्याला कोर्टात खेचायची गरज नसे. त्याच संध्याकाळी ते गल्लीभर होई, आणि मुंबईत त्याच्या घरची सोयरीक अडे. मला ही दुसरी शिक्षा जास्त जबर वाटते.

या इतिहासात बायका फारशा दिसत नाहीत. नव्याने आलेला भाचा उतरणार नात्यातल्याच घरी, जेवणार तिथेच. कांदा-लसूण, कंदमूळ नाही, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचं. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री दहाला. त्या घड्याळावर चूल सांभाळणाऱ्या बाईचा हात त्या 'नेटवर्क'मध्ये धरला जातो का? हिशेबाच्या वहीत तर तिचं नाव नसणारच.

ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अर्गाइल खाणीतून बारका, तपकिरी माल ढिगांनी यायला लागला आणि सुरतेचे दिवस पालटले. आज जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू भारतातच पडतात आणि अँटवर्पच्या व्यापाराचा मोठा भाग भारतीयांकडे आहे. विल्राइक उपनगरात त्यांचं संगमरवरी जैन मंदिरही उभं आहे.

पण घंटीवर बसणारा कोण? बहुतांशी सौराष्ट्रातून आलेला पाटीदार, नगावर मजुरी घेणारा. 2008 च्या मंदीत कारखाने बंद पडले तेव्हा तो गावी परतला. मालकाची उधारी सांभाळायला नातेवाईक होते. याची उधारी वाण्याकडे. त्यातल्याच काही पाटीदारांनी अमरेली-भावनगरच्या गावकीवर आपली वेगळी साखळी बांधली आणि ते मोठे कारखानदार झाले, हेही खरं. म्हणजे ही विद्या पालनपूरची मक्तेदारी नव्हती.

विश्वासाची ही व्यवस्था बँकांच्या पैशावर चालायला लागली तिथे मला धोका दिसतो. नात्यातल्या माणसाला तोंड दाखवावं लागतं. बँकेचं तोंड कुणाला दिसतं? पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबई शाखेतला हमीपत्रांचा घोटाळा 2018 साली उघड झाला, आणि मग बँका हिऱ्याच्या छोट्या, सरळमार्गी पेढ्यांकडेही संशयाने पाहू लागल्या.

2020 मध्ये अर्गाइल बंद झाली. सुरतेत आता यंत्रातच हिरे तयार होतात. त्यांना खाण लागत नाही, लंडनचा डबा लागत नाही. माल उचलायला एक भाऊ अँटवर्पला बसवायचंही कारण उरलेलं नाही.