आकडा कुणाच्या रक्तातला?

पन्नाशी उलटलेल्या आईवडिलांना मुलं हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’ भेट देतात. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत एखादा ट्यूमर मार्करही असतो: बायकांसाठी सीए-१२५, पुरुषांसाठी पीएसए. यामागची समजूत साधी आहे आणि मायेपोटी आलेली आहे. कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो, मार्कर तो लवकर दाखवतो, मग रक्त तपासून घेण्यात गैर काय? हा पूर्वपक्ष मी हलक्यात घेत नाही. निदानाला उशीर झाला म्हणून माणूस गमावलेली घरं आपल्याकडे थोडी नाहीत. पण या तर्काची मधली कडी कच्ची आहे आणि तिची किंमत धडधाकट माणसांना मोजावी लागते.

सीए-१२५ हे प्रथिन बीजांडकोशाच्या कर्करोगात वाढतं, हे खरंच. पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं तरीही ते वाढतं. पोटाच्या क्षयात तर ते शेकड्यांत जाऊ शकतं. पोटात पाणी, उतरलेलं वजन, सोनोग्राफीत गाठीसारखं काही आणि वाढलेला सीए-१२५, हे चित्र कर्करोगाचं असतं तसंच क्षयाचंही. कर्करोग म्हणून पोट उघडलं आणि आत क्षय निघाला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येत असतात. यावर कुणी म्हणेल, शंका आली तर पेट स्कॅन करावा. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचतात आणि जिथे पेशी तो अधाशीपणे ओढून घेतात ती जागा उजळते. क्षयाच्या गाठीतल्या दाहाच्या पेशीही तो तसाच ओढतात. म्हणजे रक्त जिथे चकवतं तिथेच स्कॅनही चकवतो. एकाच कारणाने चुकणारे दोन साक्षीदार उभे केल्याने साक्ष पक्की होत नाही. तिथे शेवटी त्या जागेचा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडेच पाठवावा लागतो.

आता थोडं गणित, कारण सगळा घोळ तिथेच होतो. समजा, कुठलीही तक्रार नसलेल्या दहा हजार बायका तपासल्या आणि त्यांत चौघींना खरोखर हा कर्करोग आहे. चाचणी चांगली धरू: चौघींपैकी तिघी ती पकडेल आणि निरोगी शंभर बायकांत एकीलाच चुकून संशयित ठरवेल. तरी सुमारे १०० निरोगी बायकांच्या हाती वाढलेला रिपोर्ट येईल आणि खऱ्या रुग्ण फक्त ३ असतील. यात लॅबची चूक नाही, यंत्राचीही नाही. हीच चाचणी बीजांडकोशाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या बाईची केली आणि आकडा दर खेपेला चढत गेला, तर डॉक्टर सावध होतात आणि ते योग्यच आहे. पोट कित्येक आठवडे फुगलेलं राहतं, दोन घासांतच पोट भरतं, अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईलाही सोनोग्राफीबरोबर ही चाचणी सांगणं रास्त आहे. चाचणीची अचूकता अर्धी चाचणीत असते आणि अर्धी ती कुणाची केली यात.

‘एक जास्तीची तपासणी केली तर बिघडलं कुठे?’ याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने २०११ साली दिलं. त्यात सुमारे ७८ हजार बायका होत्या आणि निम्म्यांची सीए-१२५ व सोनोग्राफीने नियमित तपासणी झाली. त्यांपैकी ३,२८५ जणींचे रिपोर्ट खोटे संशयास्पद निघाले, १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. या बायकांना हा कर्करोग नव्हताच. एवढं करून बीजांडकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर झालेल्या चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२१ साली आले. सीए-१२५चा आकडा वर्षागणिक कसा बदलतो हे पाहण्याची जास्त हुशार पद्धत त्यात वापरली होती आणि तिने जास्त रुग्ण आधीच्या टप्प्यात शोधलेही. तरी मृत्यू घटले नाहीत. ‘लवकर सापडला म्हणजे वाचला’ या वाक्यावरचा माझा भरवसा या निकालाने उडाला.

मग मार्कर आणि स्कॅन टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. प्रोस्टेटचंच पाहा. पूर्वी पीएसए वाढला की सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीत दहा-बारा ठिकाणी सुया टोचत. गाठ नेमकी कुठे आहे हे बहुतेकदा दिसतच नसे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५०० पुरुषांपैकी निम्म्यांची आधी एमआरआय केली आणि संशयास्पद जागा दिसली तरच, तेवढ्याच जागेची बायोप्सी घेतली. उपचाराची गरज असणारा कर्करोग या पद्धतीने ३८ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीने २६ टक्क्यांत. उगाच शोधून घोर लावणारा, मंद वाढणारा कर्करोग ९ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीने २२ टक्क्यांत. शिवाय चौघांपैकी एकाहून अधिक जणांची सुई टळली. पीएसए तोच होता. त्याच्यामागून काय करायचं, तो क्रम बदलला.

याहून मोठा दाखला आपल्या मराठवाड्यातला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर झालेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. गर्भाशयमुखातून नमुना घेऊन एचपीव्ही विषाणूचा डीएनए एकदाच तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ बायका गेल्या. जवळपास तेवढ्याच आकाराच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. इथे मार्करने जीव वाचवले, कारण हा रोग वर्षानुवर्षं पूर्वावस्थेत राहतो, ती जागा डॉक्टरला डोळ्यांनी दिसते आणि तिथल्या तिथे उपचार करता येतो. त्याच अभ्यासात व्हिनेगरसारखं आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या एका फेरीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने तीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. (तुलनेच्या गटाला ही तपासणी न दिल्याबद्दल त्या अभ्यासावर नैतिक आक्षेप घेतले गेले, ते मला रास्त वाटतात.) तपासणी एकच, पण ती किती वेळा केली यावर निकाल फिरला.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या पॅकेजात एचपीव्हीची ही चाचणी बसत नाही. तिला रक्त चालत नाही, सहसा गर्भाशयमुखावरून बोळा फिरवावा लागतो. सीए-१२५वर खर्च होणारे पैसे वाचवून आईला त्यासाठी एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावं, आणि ती संकोचली तर बाहेरच्या बाकावर तिच्याबरोबर बसून राहावं.